निवेदनाचे घराणे

1892 च्या मे महिन्याच्या अखेरीस ट्रान्सिल्व्हेनियातली सुमारे तीनशे रुमानियन मंडळी व्हिएन्नात दाखल झाली. त्यांत वकील होते, धर्मगुरू होते, गावोगावचे जाणते लोक होते. सम्राट फ्रान्झ योसेफला द्यायचे एक लांबलचक निवेदन त्यांनी सोबत आणले होते. हंगेरीच्या राज्यात रुमानियन माणसाला शाळेत, कचेरीत, मतदार यादीत कुठे आणि कसे डावलले जाते, याची ती कायद्याच्या कलमांसह मांडलेली कैफियत होती. सम्राटाने भेट नाकारली. मंडळींनी निवेदन पाकिटात घालून दरबारी कचेरीत ठेवले आणि ती परतली. कचेरीने पाकीट बुडापेस्टच्या सरकारकडे पाठवले. बुडापेस्टने ते न फोडताच, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत, शिष्टमंडळाचे प्रमुख असलेल्या योआन रात्सियु या वकिलाच्या तुर्दा येथील घरी परत धाडले.

पाकीट न फोडता परत केल्यामुळे त्यातल्या मजकुरावर खटला भरता येत नव्हता. पण तोच मजकूर रुमानियन पुढाऱ्यांनी छापून वाटला होता आणि छापण्यावर खटला भरता येत होता. मे 1894 मध्ये क्लूझ शहरात ज्युरीपुढे तो चालला. रात्सियु आपल्या बचावात म्हणाले की, एखाद्या जनसमूहाचे अस्तित्व ही चर्चेची बाब नसते, ते अस्तित्व ठामपणे सांगायचे असते. त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. वासिले लुकाचु या धर्मगुरूंना पाच वर्षांची झाली. त्याच वर्षी सरकारने रुमानियन राष्ट्रीय पक्ष बरखास्त केला. पुढच्या वर्षी सम्राटाने कैद्यांना माफी दिली. निवेदन मात्र शेवटपर्यंत वाचले नाही.

या निवेदनाचा मसुदा ज्यांच्या हातून उतरला, त्यांतले एक प्रमुख नाव युलियु कोरोयानु या वकिलाचे. त्यांची बहीण क्लारा शिमलेऊ गावच्या योआन मानियु या वकिलाला दिलेली होती. क्लाराचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि कायदाच शिकत होता. युलियु मानियु. ट्रान्सिल्व्हेनियाला हंगेरीपासून तोडण्याच्या कामात पुढे हाच तरुण आघाडीवर होता. रुमानियाचा तो तीनदा पंतप्रधान झाला, दोन हुकूमशाह्या त्याने अंगावर घेतल्या आणि तिसरीच्या तुरुंगात ऐंशी वर्षांचा होऊन मेला. एवढ्या काळात राजवटी सहा वेळा बदलल्या. मानियुंचे हत्यार मात्र बदलले नाही. प्रत्येक सत्ताधीशाला त्यांनी निवेदन दिले, आणि ते मामाने दिले होते त्याच पद्धतीने: तुमचाच कायदा, तुमचाच शब्द, तुमचीच सही समोर ठेवून. या एका कागदाचा माग काढला की त्या देशाचे दीडशे वर्षांचे राजकारण सलग दिसते असे मला वाटते. आणि या माणसाचा मोठेपणा व त्याची चूक, दोन्ही तिथेच सापडतात.

घराणे 1892 च्या आधीचे आहे. 1791 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाच्या रुमानियन पुढाऱ्यांनी सम्राट लिओपोल्ड दुसरा याच्याकडे लॅटिन भाषेत एक अर्ज पाठवला होता. त्या प्रांतात कायद्याने मान्य असलेली ‘राष्ट्रे’ तीनच: हंगेरियन सरदार, सेकेली आणि सॅक्सन जर्मन. धर्मपंथ चार मान्य: कॅथलिक, कॅल्व्हिनिस्ट, लुथेरन, युनिटेरियन. बहुसंख्य प्रजा रुमानियन आणि मोठ्या प्रमाणात ऑर्थोडॉक्स. ती या दोन्ही याद्यांत नव्हती. चौथे राष्ट्र म्हणून आम्हाला यादीत घ्या, एवढीच मागणी. ती करताना अर्जदारांनी इतिहासाचा आधार घेतला: आम्ही इथले सर्वांत जुने, रोमन वंशाचे, हा हक्क आम्ही नव्याने मागत नाही, काढून घेतलेला परत मागतो. सम्राटाने अर्ज प्रांताच्या सभेकडे पाठवला. त्या सभेत बसले होते ते हीच तीन राष्ट्रे. अर्ज फेटाळला गेला.

सव्वाशे वर्षे टिकलेला साचा या अर्जाने घालून दिला. दाद स्थानिक सत्तेकडे न मागता तिच्या वरच्या सत्तेकडे मागायची. बंड नाही, धमकी नाही. पुरावे, कलमे, आकडे. वरची सत्ता तो कागद खालच्या सत्तेकडे पाठवते आणि खालची सत्ता तो अर्जदाराच्या तोंडावर फेकते. तरीही अर्जदार पुढच्या पिढीत पुन्हा लिहितो, कारण फेटाळलेला अर्जही नोंद म्हणून उरतो आणि पुढचा वकील ती नोंद पुराव्यात दाखल करतो. अर्ज-विनंत्यांचे राजकारण म्हणून आपण ज्याला सहज हिणवतो, त्यातले हे बळ लक्षात घेण्यासारखे आहे.

मधे 1848 येते. मे महिन्यात ब्लाझ या छोट्या गावाच्या माळावर हजारो शेतकरी जमले. आदल्या दिवशी तिथल्या कॅथेड्रलमध्ये सिमियोन बार्नुत्सियु बोलले. तत्त्वज्ञान आणि कायदा शिकवणारा हा मास्तर मानियुंच्या वडिलांकडून नात्यातला. राष्ट्र म्हणून मान्यता मिळाल्याशिवाय हंगेरीशी एकीकरणाची बोलणी नकोत, हे त्यांचे म्हणणे. 1867 मध्ये व्हिएन्ना आणि बुडापेस्टने आपसात समझोता केला आणि ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीत विलीन झाला. कोणी रुमानियनांना विचारले नाही. थोडक्यात, मानियुंच्या घरात वडील वकील, मामा वकील, नात्यातला पूर्वज कायद्याचा शिक्षक. शिमलेऊजवळच्या बादाचिन गावी त्यांची शेतीवाडी होती. तिथे वाढलेल्या मुलाला निवेदन म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागले नसणार.

क्लूझ, बुडापेस्ट, व्हिएन्ना असे शिकून मानियु 1896 मध्ये कायद्याचे डॉक्टर झाले. पुढे ब्लाझच्या ग्रीक-कॅथलिक धर्मपीठाचे वकील म्हणून त्यांनी काम केले. त्यांचा पक्ष तेव्हा निवडणुकांवर बहिष्कार घालून बसला होता. 1905 मध्ये त्याने तो सोडला आणि 1906 मध्ये मानियु बुडापेस्टच्या संसदेत निवडून आले. मताचा हक्क लोकसंख्येच्या जेमतेम सहा टक्क्यांना असलेल्या देशात ही जागा मिळवणे सोपे नव्हते. 1910 मध्ये ती गेलीही. संसदेत ते हंगेरियन भाषेत बोलत. ज्या राज्यावर तक्रार, त्याच राज्याच्या भाषेत, त्याच्याच कायद्याच्या पुस्तकातून.

महायुद्धात वयाच्या चाळिशीनंतर त्यांना तोफखान्यात लेफ्टनंट करून इटलीच्या आघाडीवर पाठवले. 1918 च्या शरदात साम्राज्य मोडत असताना ते व्हिएन्नात पोहोचले आणि तिथल्या रुमानियन सैनिकांना त्यांनी एकत्र बांधले. साम्राज्याच्या युद्ध मंत्रालयाच्या इमारतीतच त्यांनी या कामासाठी जागा मिळवली. रस्त्यांवर गोंधळ माजलेला असताना या सैनिकांनी शिस्त राखली. नोव्हेंबरच्या मध्याला आराद शहरात हंगेरीचे मंत्री ओस्कार यासी बोलणी करायला आले. यासी उदारमतवादी होते, अल्पसंख्याकांच्या प्रश्नावर आयुष्यभर लिहिणारे अभ्यासक होते, आणि स्वित्झर्लंडच्या धर्तीवर स्वायत्त प्रांतांची योजना त्यांनी आणली होती. दहा वर्षे आधी ती आली असती तर रुमानियन पुढाऱ्यांनी डोक्यावर घेतली असती. तुम्हाला नेमके हवे तरी काय, असे यासींनी विचारल्यावर मानियुंनी हंगेरियनमध्ये दोन शब्दांत उत्तर दिले: संपूर्ण फारकत.

1 डिसेंबर 1918 रोजी आल्बा युलिया येथे 1228 प्रतिनिधींनी रुमानियाच्या राज्याशी एकीकरणाचा ठराव केला. बाहेर लाखभर माणसे होती. हा ठराव त्याच घराण्यातला कागद आहे. फरक इतकाच, की आता त्यावर पत्ता कोणाचाच नव्हता. आणि त्यात एक कलम होते, ज्याकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. या भूमीवर सोबत राहणाऱ्या सर्व जनसमूहांना संपूर्ण राष्ट्रीय स्वातंत्र्य. प्रत्येकाला आपल्या भाषेत, आपल्याच माणसांकडून शिक्षण, कारभार आणि न्याय. हंगेरीकडे जे मागितले होते, तेच हंगेरियनांना देण्याचे वचन. सिबिउ शहरातल्या प्रशासकीय मंडळाचे अध्यक्ष म्हणून मानियुंनी जवळपास दीड वर्ष कारभार पाहिला. त्या मंडळाच्या पहिल्याच हुकुमाने जुने हंगेरियन कायदे तूर्त लागू ठेवले. खरा वकील रिकाम्या जागेत राज्य करत नाही. पण बुखारेस्टच्या केंद्रीय सरकारला प्रांताचे वेगळेपण नको होते. 1920 मध्ये मंडळ गुंडाळले गेले. 1923 च्या घटनेत त्या वचनाला जागा मिळाली नाही. आता अर्ज लिहिण्याची पाळी ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियनांची होती. जमीन सुधारणेत जमिनी गेलेल्या जमीनदारांचा वाद हंगेरीने राष्ट्रसंघापुढे नेला, आणि तो वर्षानुवर्षे चालला. दाद वरच्या सत्तेकडे मागायची, हा साचा हंगेरियनांनीही तसाच उचलला.

मानियुंनी जवळपास दशकभर विरोधात बसून वाट पाहिली. 1922 मध्ये आल्बा युलियालाच राजा फर्डिनांडचा राज्याभिषेक झाला. ठराव करणारा पक्ष त्याला गेला नाही. 1926 मध्ये योन मिहालाके यांच्या शेतकरी पक्षाशी विलीन होऊन राष्ट्रीय शेतकरी पक्ष झाला. नोव्हेंबर 1928 मध्ये मानियु पंतप्रधान झाले आणि डिसेंबरच्या निवडणुकीत पक्षाला जवळपास 78 टक्के मते पडली. दोन महायुद्धांच्या दरम्यानची रुमानियातली सर्वांत मोकळी निवडणूक म्हणून ती ओळखली जाते. सत्ता त्यांना फारशी मानवली नाही. जागतिक मंदी आली. ऑगस्ट 1929 मध्ये लुपेनी येथे संपावरच्या खाणकामगारांवर सैनिकांनी गोळ्या चालवल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. ज्याने सत्तेला आयुष्यभर कायदा वाचून दाखवला, त्याच्याच सरकारच्या काळातली ही गोष्ट. तिच्यावरून पुढे जाता कामा नये.

1930 च्या जूनमधला प्रसंग या माणसाचा स्वभाव सांगतो. गादीवर तेव्हा राजा मिहाय होता, वय आठ. त्याचे वडील कारोल यांनी 1925 मध्ये वारसाहक्क सोडला होता. 6 जूनला कारोल विमानाने परतले आणि त्यांना गादी हवी होती. मानियुंचा त्यांच्या येण्याला विरोध नव्हता. लहान मिहायच्या वतीने राज्य चालवणाऱ्या मंडळाचा कारभार सगळ्यांनाच नकोसा झाला होता. पण पंतप्रधान म्हणून त्यांनी मिहायच्या नावाने शपथ घेतली होती. कारोलला राजा करणारे विधेयक त्याच हाताने मांडणे त्यांच्या कायदेबुद्धीला पटेना. त्यांनी 7 जूनला राजीनामा दिला. ग्योर्गे मिरोनेस्कु काही दिवसांपुरते पंतप्रधान झाले, संसदेने 8 जूनला कारोलला राजा केले, आणि आठवडाभरात मानियु पुन्हा पंतप्रधानपदी आले. शब्द मोडला नाही. राजा मात्र बसला. कारोलने विवाहबाह्य संबंध असलेल्या एलेना लुपेस्कुला परत बोलावायचे नाही, अशी मानियुंची अट होती. ती ऑगस्टमध्ये परतली, आणि ऑक्टोबरमध्ये मानियु गेले. 1932 च्या ऑक्टोबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत तिसऱ्यांदा आले, आणि पुन्हा राजाशी भांडून गेले.

मला यात मानियुंची जमेची आणि खर्चाची बाजू एकत्र दिसते. कागद शुद्ध ठेवण्याची त्यांची धडपड खरी होती. पण कागद शुद्ध राहावा म्हणून ते निर्णायक घटकेला बाजूला सरकत, आणि मोकळी झालेली जागा कारोलसारखा माणूस घेई.

1937 मध्ये तर ते सरकले ते थेट खड्ड्याच्या दिशेने. निवडणूक कायदा असा होता की, 40 टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला निम्म्या जागा आयत्याच मिळत. सरकारी यंत्रणा हाताशी असलेला पक्ष नेहमीच तिथवर पोहोचे. ही खेळी मोडण्यासाठी मानियुंनी कोर्नेलियु कोद्र्यानुच्या लोहदलाशी निवडणुकीपुरता करार केला: एकमेकांवर हल्ले नकोत, मतदान मोकळे होऊ द्या. लोहदल म्हणजे ज्यूद्वेष हाच धर्म मानणारी, राजकीय खून करून अभिमानाने कबूल करणारी संघटना. हिशेब जुळला, डिसेंबरमध्ये सत्ताधारी पक्ष 36 टक्क्यांवर अडकला. पण लोहदलाच्या यादीला साडेपंधरा टक्के मते पडली, आणि देशातल्या सर्वांत सचोटीच्या पुढाऱ्याच्या सहीने त्या संघटनेला प्रतिष्ठा मिळाली. करार कायद्याला धरून होता, हे खरे. कायद्याला धरून असणे तिथे पुरेसे नव्हते. मे 1938 मध्ये कोद्र्यानुवर खटला चालला तेव्हा मानियु बचावाचे साक्षीदार म्हणून गेले आणि त्याच्याशी हस्तांदोलन करून परतले. नोव्हेंबर 1940 मध्ये सत्तेत आलेल्या लोहदलाने मानियुंच्या पक्षातले अर्थतज्ज्ञ विर्जिल माद्ज्यारु यांना उचलून नेऊन ठार केले. इतिहासकार निकोलाए योर्गा यांचाही त्याच दिवशी खून झाला.

1937 च्या निवडणुकीत पराभूत झालेल्या सरकारचा पंतप्रधान होता ग्योर्गे तातारेस्कु. तोही वकील. पॅरिसला त्याने रुमानियाच्या निवडणूक पद्धतीवर प्रबंध लिहून कायद्याची डॉक्टरेट मिळवली होती. 10 फेब्रुवारी 1938 रोजी कारोलने संसदीय राजवट गुंडाळली. नव्या घटनेवर कौल घेतला तो तोंडी, अधिकाऱ्यासमोर उभे राहून: 42 लाखांहून अधिक ‘होय’, साडेपाच हजारांच्या आत ‘नाही’. मार्चमध्ये सर्व पक्ष रद्द झाले. तातारेस्कु या राजवटीतही पंतप्रधान झाला. मानियु बादाचिनला आणि बुखारेस्टला बसून राजाला निवेदने लिहीत राहिले: आपण घटनेची शपथ घेतली होती.

1940 च्या उन्हाळ्यात सगळेच कोसळले. जूनमध्ये बेसारेबिया आणि उत्तर बुकोव्हिना सोव्हिएत संघाने घेतले. 30 ऑगस्टला व्हिएन्नात जर्मनी आणि इटलीने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला देऊन टाकला. क्लूझ गेले, शिमलेऊ गेले, बादाचिन गेले. मानियुंचे घर पुन्हा हंगेरीत. कारोल पळाला, मिहाय पुन्हा गादीवर आला आणि सत्ता जनरल आन्तोनेस्कुच्या हाती गेली. 22 जून 1941 ला रुमानिया जर्मनीसोबत रशियावर चालून गेला.

या वर्षांतली मानियुंची निवेदने त्यांच्या आयुष्यातली सर्वांत धाडसाची आहेत. उदारमतवादी नेते दिनु ब्रात्यानु यांच्यासोबत त्यांनी हुकूमशहाला पुन्हा पुन्हा लिहिले: गेलेले प्रांत परत घेणे समजू शकते, पण निस्तर नदीपलीकडे रुमानियन सैनिकाचे काम काय? ही लढाई आपली नाही, ती हरणार आहे, सैन्य मागे घ्या. आन्तोनेस्कु चिडून लांबलचक उत्तरे पाठवी, पण जर्मनांची नाराजी ओढवूनही त्याने मानियुंना अटक केली नाही. या निवेदनांचा भर सैन्यावर आणि सीमांवर आहे. निस्तरपलीकडे त्याच राजवटीने लाखो ज्यूंना मृत्यूच्या तोंडी दिले, त्याच्या मानाने तो प्रश्न या कागदांत फार मागे राहतो. आज वाचताना ही उणीव बोचते.

दुसऱ्या हाताने ते इंग्रजांशी संधान बांधून होते. मार्च 1944 मध्ये बार्बु श्तिर्बेय यांना बोलण्यांसाठी कैरोला पाठवले. अटी घासत बसण्यात महिने गेले. 23 ऑगस्टला राजा मिहायने आन्तोनेस्कुला राजवाड्यात अटक करवली, तेव्हा मानियुंसमोर पंतप्रधानपद आले होते. त्यांनी ते नाकारले आणि बिनखात्याचे मंत्री झाले. पुन्हा बाजूला सरकणे. ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत चर्चिलने स्टालिनपुढे एक चिठ्ठी सरकवली, तीत रुमानियापुढे रशियाचा वाटा 90 टक्के लिहिलेला होता. यानंतरही तीन वर्षे मानियु लंडन आणि वॉशिंग्टनला निवेदने लिहीत राहिले. 1791 च्या अर्जासारखेच घडत होते. वरच्या सत्तेने कागद खालच्या सत्तेच्या स्वाधीन आधीच केला होता.

6 मार्च 1945 ला सोव्हिएत दडपणाखाली पंतप्रधान झाले पेत्रु ग्रोझा. तेही ट्रान्सिल्व्हेनियाचे, देवा गावचे वकील. ऑर्थोडॉक्स धर्मगुरूचा मुलगा, लाइपझिगची डॉक्टरेट, मानियुंच्याच जुन्या पक्षातले, आल्बा युलियाच्या सभेचे प्रतिनिधी. 1920 च्या दशकात ते राजाचे मंत्री होते. गाठीला पैसाही भरपूर होता. 1933 मध्ये त्यांनी नांगरधाऱ्यांची आघाडी काढली आणि हळूहळू कम्युनिस्टांकडे गेले. हंगेरियनांशी त्यांचे वागणे बहुतेक रुमानियन पुढाऱ्यांपेक्षा मोकळे होते, हेही नोंदवायला हवे. क्लूझमध्ये हंगेरियन विद्यापीठ त्यांच्याच काळात उभे राहिले. तातारेस्कु या सरकारातही उपपंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री होता. न्यायखाते लुक्रेत्सियु पात्राश्कानु या कम्युनिस्ट वकिलाकडे होते. तोही लाइपझिगचा डॉक्टर.

19 नोव्हेंबर 1946 च्या निवडणुकीत सरकारी आघाडीने स्वतःला सुमारे 70 टक्के मते जाहीर केली. मानियुंनी घोटाळ्याचे पुरावे गोळा करून ब्रिटन-अमेरिकेच्या प्रतिनिधींना दिले. त्या सरकारांनी निषेध केला आणि फेब्रुवारी 1947 मध्ये पॅरिसला तहावर सह्याही केल्या. मे महिन्यात तातारेस्कुनेही धोरणावर टीका करणारे निवेदन सरकारला दिले. आयुष्यभर प्रत्येक राजवटीशी जमवून घेतलेल्या माणसाने शेवटी हाच कागद हाती घ्यावा, याचे मला फार वाटते. वर्ष संपायच्या आत त्याचे मंत्रिपद गेले.

14 जुलै 1947 ला मिहालाके आणि इतर काही नेते विमानाने देश सोडायच्या तयारीत असताना तामादाउच्या धावपट्टीवर पकडले गेले. हा सापळा होता. मानियु तेव्हा बुखारेस्टच्या एका रुग्णालयात होते, त्यांनाही धरले. पक्ष बरखास्त झाला. ऑक्टोबरअखेरीस लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला. न्यायासनावर कर्नल अलेक्सांद्रु पेत्रेस्कु होते, जे आन्तोनेस्कुच्या काळात तुरुंगखात्यात वरिष्ठ पदावर होते. आरोप देशद्रोहाचा, आणि त्याचा गाभा परकीयांना कळवलेली माहिती. 1894 मध्ये क्लूझला निवेदन छापणे हा गुन्हा होता, इथे ते परक्याच्या हाती देणे हा गुन्हा ठरला. चौऱ्याहत्तर वर्षांचे मानियु उभे राहून बोलले. विदेशी प्रतिनिधींना भेटलो, लिहिले, हे त्यांनी नाकारले नाही. मित्रराष्ट्रांनी मोकळ्या निवडणुकीची हमी दिली होती, तिची आठवण करून देणे हा माझा हक्क, ही त्यांची भूमिका. 11 नोव्हेंबरला जन्मठेप झाली. दीड महिन्याने, 30 डिसेंबरला, ग्रोझा आणि कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस ग्योर्ग्यु-देज राजा मिहायपुढे राजत्यागाचा कागद घेऊन गेले. पुढे मिहायने सांगितल्याप्रमाणे, ग्रोझांनी खिशातले पिस्तूल त्याला हात लावून पाहायला दिले. आन्तोनेस्कुसारखी आपली गत होऊ नये म्हणून बाळगले आहे, असे म्हणाले.

मानियुंना आधी गालात्सच्या तुरुंगात ठेवले. 1 डिसेंबर 1948 ला, आल्बा युलियाच्या ठरावाला तीस वर्षे होत असताना, ग्रीक-कॅथलिक चर्चवर बंदी आली. तरुणपणी मानियुंनी ज्याची वकिली केली ते ब्लाझचे धर्मपीठ कागदोपत्री नाहीसे झाले. 1951 मध्ये त्यांना सोव्हिएत सीमेलगतच्या सिगेतला हलवले. तो तुरुंग 1897 मध्ये हंगेरीच्या राज्याने आपल्या सहस्रकाच्या निमित्ताने बांधलेला. माजी मंत्री, बिशप, इतिहासकार, सेनानी तिथे कोंडलेले होते. पन्नासहून अधिक तिथेच मेले. तातारेस्कुही त्याच इमारतीत होता. मानियुंना शेवटी शेवटी उठवत नव्हते; पक्षाच्या वृत्तपत्राचे संपादक निकोलाए कारान्दिनो त्याच कोठडीत होते, त्यांनी शुश्रूषा केली. 5 फेब्रुवारी 1953 रोजी मानियु गेले. रातोरात पुरले, खूण ठेवली नाही. पात्राश्कानुला त्याच्याच पक्षाने 1948 मध्ये पकडले आणि एप्रिल 1954 मध्ये गोळी घातली. ग्रोझा 1958 मध्ये वारले तेव्हा ते राष्ट्रप्रमुखपदी होते. एका शहराला त्यांचे नाव दिले गेले.

मानियुंचे खासगी सचिव कोर्नेलियु कोपोसु. तेही त्याच सालाज भागातले, ग्रीक-कॅथलिक धर्मगुरूचे चिरंजीव, कायद्याचे डॉक्टर. 1947 ते 1964 ते कैदेत होते, त्यांतली काही वर्षे पूर्ण एकांतात. डिसेंबर 1989 मध्ये कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कुची राजवट पडताच त्यांनी पक्ष पुन्हा उभा केला. 1995 मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षाच्या नेतृत्वाखालची आघाडी निवडणूक जिंकली आणि क्लूझला कायदा शिकलेले विक्टोर चोर्बेआ पंतप्रधान झाले. त्या मंत्रिमंडळात ट्रान्सिल्व्हेनियाच्या हंगेरियनांचा पक्ष प्रथमच सत्तेत बसला. 1997 मध्ये या सरकारने हंगेरियन आणि इतर अल्पसंख्याकांना कचेरीत आपली भाषा वापरू देणारा अध्यादेश काढला. घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. 2001 च्या कायद्याने शेवटी ती सोय झाली: ज्या गावात एखादा अल्पसंख्य समाज 20 टक्क्यांहून अधिक आहे, तिथे त्याच्या भाषेत अर्ज करता येतो आणि गावाची पाटीही त्या भाषेत लागते. त्याहून कमी संख्या असलेल्या गावांचे काय, स्वायत्ततेचे काय, हे हंगेरियन पुढारी आजही विचारतात, आणि विचारताना मानियुंच्या माणसांनी 1 डिसेंबर 1918 ला केलेल्या ठरावातले तिसरे कलम पुराव्यादाखल जोडतात.